चाळीतली एकतीस माणसं

चाळीतल्या गेलेल्या माणसांची पुस्तिका छापून झाली, वाटून झाली, हिशेबही चाळीच्या मंडळाच्या वहीत चढला. गेल्या पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या चाळींतून फोन आले, "ताई, आम्हालाही असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" तिघांनाही तेच तेच सांगून घसा बसला. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

आमची चाळ वरळीच्या बीडीडीतली. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी, वरळीत एकूण 121. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे चाळीत 80 बिऱ्हाडं. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. पुनर्विकासासाठी 2021 साली आम्ही खोल्या रिकाम्या केल्या. कुणी संक्रमण शिबिरात गेलं, कुणी नालासोपारा-डोंबिवलीला भाड्याने, कुणी थेट गावी. 14 ऑगस्ट 2025 ला वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्यांचा कार्यक्रम झाला, त्यात आमचीही चाळ होती. आता 500 चौरस फुटांचं घर, चाळीस मजली इमारत, लिफ्ट.

त्यानंतर तेरा दिवसांनी गणपती बसले. कितीतरी वर्षांनी सगळे एकत्र. आरती झाली की प्रसाद हातात घेऊन एकच बोलणं चालायचं:

"काय गं, तुमच्या शेजारचे काका दिसले नाहीत?"

"अहो, ते जाऊन दोन वर्षं झाली."

"काय सांगतेस! आम्हाला कुणी कळवलंच नाही."

दहा दिवसांत हा संवाद मी इतक्यांदा ऐकला की शेवटी विचारायचीच भीती वाटायला लागली. चाळीत असताना माणूस गेला की अर्ध्या तासात ऐंशी बिऱ्हाडांना कळायचं. बांबू, मडकं आणायला कोण जाणार, गाववाल्यांना फोन कोण करणार, सुतकातल्या घरी पहिल्या दिवशी पिठलंभात कुणाकडून जाणार, हे न सांगता ठरलेलं असायचं. लॉकडाऊनमध्ये ते तुटलं. तिरडीमागे चार माणसंसुद्धा नाहीत अशी चाळीतली माणसं गेली. ते सावरतंय तोवर चाळच पांगली. रडायचं राहून गेलं होतं, दुसरं काही नाही.

21 सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावस्या. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचीसुद्धा या दिवशी आठवण काढतात, म्हणून मंडळाच्या सभेला मुद्दाम तोच दिवस धरला. मंडळाला गृहप्रवेशाची स्मरणिका काढायची होतीच: पुढाऱ्यांचे फोटो, शुभेच्छा, जाहिराती. मी म्हटलं, ती खुशाल काढा, पण त्याआधी मार्च 2020 पासून गेलेल्यांची एक पुस्तिका काढू. जाहिरात एकही नको. थोडी कुजबुज झाली. मग एक काका म्हणाले, "कर तू. तुला आता काम काय आहे?" मी जूनमध्येच सहकारी बँकेतून निवृत्त झाले होते, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती.

पहिला कागद मंडळाच्या पुरुषांनी करून दिला. 26 नावं. मी तो घेऊन संध्याकाळी इमारतीखाली बसणाऱ्या बायकांकडे गेले. त्यांनी दहा मिनिटांत आणखी पाच नावं सांगितली. पाचही बायकांची. एक तर मंडळाच्या माजी खजिनदारांची सख्खी वहिनी. ते बिचारे इतके ओशाळले की पुढे सगळ्यात जास्त धावपळ त्यांनीच केली. तेव्हा यादी करायला बसाल तर आधी बायकांकडे जा. आणि मजल्यामजल्याने, खोली नंबर म्हणत म्हणत करा: "एक्केचाळीस कोण, बेचाळीस कोण..." माणसं नावाने आठवत नाहीत, दाराने आठवतात.

31 जण ठरले आणि तारखांचा गोंधळ सुरू झाला.

आपल्याकडे घरात तारीख कुणाला नीट आठवत नाही. तिथी आठवते, सण आठवतो. "नवरात्रात, पाचवी माळ होती." "धाकट्याची दहावी होती बघ." दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांचंच घ्या. मुलगी म्हणाली, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. साल विचारलं तर ती म्हणे 2022, भाऊ म्हणे 2021. दाखला मुलाकडे, मुलगा बोटीवर. मी हे शेजारच्या खोलीतल्या दादांना सहज बोलले, तर ते म्हणाले, "सहा डिसेंबर होता. मी सकाळपासून चैत्यभूमीच्या रांगेत होतो, तिथे फोन आला. गर्दीतून उलटा फिरून आलो." मग पंचांग काढलं. 2021 ची दत्तजयंती 18 डिसेंबरला, 2022 ची 7 डिसेंबरला. दत्तजयंतीचा आदला दिवस आणि सहा डिसेंबर, दोन्ही जुळतात ते 2022 लाच. एका घराची पौर्णिमा आणि शेजारच्या घराचा महापरिनिर्वाण दिन मिळून तारीख हाती लागली. पुढे दाखला आला, त्यावर तीच होती.

तेव्हा जुनी कॅलेंडरं फेकू नका. दुधाचे खाडे, सिलिंडरचा नंबर, त्यातच कोपऱ्यात 'आत्या गेली, रात्री 2'. तीन तारखा मला अशा कॅलेंडरांवर मिळाल्या.

दाखल्यांबद्दल एक सांगून ठेवते, कारण यात सगळेच चुकतात. मृत्यूची नोंद माणूस जिथे गेला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. आमचे काही जण गावी गेलेले, त्यांची नोंद ग्रामपंचायतीत. वरळीत राहणारा पण परळच्या इस्पितळात गेलेला, त्याची नोंद त्या विभागाकडे. आम्हाला पुस्तिकेसाठी दाखला लागत नव्हता, तारीख आणि पूर्ण नाव पडताळायचं होतं, तेवढ्यासाठी घरच्यांकडची झेरॉक्स पुरली. पण एका घरात शोधाशोध करताना कळलं की वडील 2021 मध्ये गावी गेले त्याची नोंदच कुणी केली नाही. त्या गडबडीत प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केली. आता घर वारसाच्या नावावर करायला दाखला हवा. 21 दिवसांत कळवलं तर काहीच त्रास नसतो. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून भागतं. वर्षाच्या आत असेल तर लेखी परवानगी आणि स्वतःच्या सहीचं (स्वसाक्षांकित) कागदपत्र. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्या मुलाच्या गावाला पाच खेपा झाल्या. एकदा तर आजोबांच्या नावातल्या एका वेलांटीवरून कागद परत आले. अजून आदेश हातात नाही. आम्ही त्याच्या वडिलांची तारीख घरच्यांच्या शब्दावर छापली.

दाखल्यांवरच्या नावांनी मात्र करमणूक केली. तळमजल्यावरच्या मामींचं दाखल्यावरचं नाव वाचलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. ही कोण? साठ वर्षं चाळीत राहिलेल्या बाईचं खरं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. पुस्तिकेत वर दाखल्यावरचं नाव घातलं, त्याखाली मोठ्या टायपात 'मामी'.

मग नावाआधी काय लिहायचं यावरून ऑक्टोबरचा अर्धा महिना गेला. कैलासवासी म्हणावं तर वारकऱ्यांच्या घरी वैकुंठवासी हवं, शिवाय ह.भ.प. हवं. बौद्ध घरांत कालकथित लिहितात. बायकांचं तर विचारूच नका, नवरा आधी गेला की नंतर यावर सौ. की गं. भा. ठरणार. मला ते गं. भा. काही केल्या लिहवेना. जन्मभर डबे करून तीन मुलं शिकवली त्या बाईची ओळख काय, तर नवरा आधी गेला! शेवटी ठरलं की मथळ्यात कुणाच्याच नावाआधी काही नाही. नाव, चाळीतलं नाव आणि जुना खोली नंबर. आत मजकुरात घरचे म्हणतील तो शब्द. दोन घरं रुसली. एक समजलं, दुसरं अजून रुसलेलं आहे.

दिवाळी 20-21 ऑक्टोबरला. भाऊबीज झाल्यावर घरोघर जायला सुरुवात केली. एका संध्याकाळी दोनच घरं, त्याहून जास्त जमत नाही. चहा नाकारता येत नाही आणि चौथ्या कपानंतर ऐकू येत नाही. माझ्याबरोबर पहिल्या मजल्यावरची एक कॉलेजात जाणारी पोर यायची, फोनवर रेकॉर्ड करायला. आधी विचारून, मगच बटण दाबायचं.

पहिल्या चार घरांत माझी फजिती झाली. मी विचारायची, "कसे होते हो?" उत्तर ठरलेलं: "मनमिळाऊ, कष्टाळू, दुसऱ्याला मदत करणारे." चारही घरांत शब्दन् शब्द तेच. चार माणसं, आणि कागदावर एकच माणूस. पाचव्या घरी मी चुकून विचारलं, "सकाळी पाणी आल्यावर पहिला हंडा कुणाचा लागायचा तुमच्याकडे?" आणि काकूंनी अर्धा तास सांगितलं. काका साचेवाले, म्हणजे कापड गिरणीत मागावर काम करणारे, तिसऱ्या पाळीहून यायचे, पाणी भरून मग व्हरांड्यात चादर अंथरून निजायचे. खोलीत जागा नसायची, घरात सात माणसं. मजल्यावरची पोरं त्यांच्या अंगावरून उड्या मारत क्रिकेट खेळायची. काकांना काही होत नसे, साच्यांच्या आवाजात तीस वर्षं काढलेला माणूस. पण कुणी हळू आवाजात भांडायला लागलं की लगेच जागे व्हायचे! ओठ हललेले झोपेतसुद्धा दिसतात का, असं आम्ही म्हणायचो. गिरणीत साच्यांपुढे आवाज पोचत नाही, तिथे सगळे ओठ बघूनच बोलायचे.

तेव्हापासून मी 'कसे होते' विचारणं सोडलं. चपला कुठे काढायचे? भाजी कोण आणायचं? रेडिओला हात लावला तर ओरडायचे का? कशावरून चिडायचे? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. माणसाची चीड सांगताना घरच्यांना हसू येतं, आणि हसू आलं की रडू येतं, आणि मग खरं काय ते बाहेर पडतं.

एक जण गावकीच्या खोलीतले. गिरणगावात अशा खोल्या असायच्या, एका गावची वीस-पंचवीस माणसं मिळून भाडं भरायची. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी, पाळीप्रमाणे झोपायला जागा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मग बरेचसे गावी गेले ते गेलेच. हे एकटे राहिले. बायको-मुलं नाहीत. जांबोरी मैदानाच्या कडेला भाजीची पाटी लावायचे. 2020 च्या पावसाळ्यात महापालिकेच्या इस्पितळात गेले एवढं सगळ्यांना माहीत, तारीख कुणालाच नाही. विचारायचं तरी कुणाला? खजिनदारांनी त्यांच्या ग्रामस्थ मंडळाचा माणूस शोधून काढला, विरारला. त्याच्याकडे खोलीच्या भाड्याची वही होती. महिन्याच्या महिन्याला नावं, पुढे रक्कम. ऑगस्ट 2020 च्या पानावर यांच्या नावावर लाल शाईची रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात तारीख, त्याखाली 'ट्रंक खोलीत आहे'. पुस्तिकेत त्यांचा फोटो नाही. त्या पानाचा फोटो आहे.

फोटोंचं सांगते. 31 पैकी 27 जणांचे मिळाले. आधारकार्डावरचा फोटो शक्यतो घेऊ नका, त्यात सगळेच गुन्हेगार दिसतात. बायकांचे एकटीचे फोटो नसतातच, लग्नाच्या नाहीतर हळदीकुंकवाच्या घोळक्यातून काढावे लागतात. एका मावशींचा विसर्जनाच्या मिरवणुकीतला सुंदर फोटो मिळाला, गुलालाने माखलेला, फक्त खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. डीटीपीवाला म्हणाला, हात काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम. मावशींच्या सुनेला विचारलं, तर तिने फोटो जवळ घेऊन बोटातली अंगठी पाहिली आणि म्हणाली, "हा समोरच्या काकूंचा हात आहे. त्यासुद्धा तुमच्या यादीत आहेत ना? राहू दे." त्या दोघी शेवटची आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. हात राहिला.

एका नावावरून मात्र सभेत आवाज चढले. हे गृहस्थ व्याजाने पैसे द्यायचे. अर्ध्या चाळीच्या बांगड्या कधी ना कधी त्यांच्या कपाटात जाऊन आल्या होत्या. दोघातिघांचं म्हणणं, यांना कशाला? मी म्हटलं, यादी चाळीतल्या गेलेल्यांची आहे, चांगल्यांची नाही. मग मजकूर कसा लिहायचा? खोटं गोड लिहिलं तर लोक हसतील, कडू लिहिलं तर मुलगी दुखावेल. चार ओळी लिहिल्या. खोली नंबर, गाव, नोकरी. आणि 'ते व्याजाने पैसे देत. "वही आणू का?" हा त्यांचा शब्द चाळीत अजून चालतो, चहाची उधारी मागतानासुद्धा.' घाबरतच मुलीकडे नेला. तिने वाचला, खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आम्हालापण तेच म्हणायचे, शाळेच्या फीला," आणि सही केली.

सही घ्याच. प्रत्येक मजकुराच्या छापील कागदाखाली 'वाचले, छापण्यास हरकत नाही' आणि घरातल्या एकाची सही. जिथे भावाभावांत घरावरून वाद चालू आहे तिथे दोघांची. आम्हाला 30 घरांच्या सह्यांना पाच आठवडे लागले, 9 नोव्हेंबर ते 14 डिसेंबर. एका घराने नकार दिला, तरुण मुलगा गेलेला. आई म्हणाली, नाव आणि तारखा असू देत, बाकी काही नको. तेवढंच छापलं, पूर्ण पान सोडून. मृत्यूचं कारण कुणाचंच छापलं नाही, हे पहिल्याच सभेत ठरलेलं.

छपाईचं थोडक्यात. पानं सोळाच्या पटीत ठेवा, फर्म्याचा (सोळा पानं एकत्र छापलेल्या मोठ्या कागदाचा) हिशेब बसतो. आमची 64 झाली, म्हणजे चार फर्मे. मी सगळं फोनवर टाइप केलं होतं. डीटीपीवाल्याने ते त्याच्या जुन्या फॉन्टात नेलं आणि सगळे रफार उडाले, 'ष्ट' च्या जागी चौकोन. तीन वेळा प्रुफं वाचली. जाण्याआधी 'युनिकोड चालतं का' एवढं विचारलं असतं तर आठवडा वाचला असता. टायपाचा आकार 14 ठेवला, कारण वाचणारे बहुतेक सत्तरीपुढचे. बारीक टायप केला असता तर सहा पानं वाचली असती. ती वाचवून काय करायचंय?

खर्च असा: टायपाची मांडणी 64 पानांची, पानाला 60 रुपये, 3,840. फोटो साफसूफ 27 चे, 100 प्रमाणे 2,700. छपाई आणि बांधणी 300 प्रतींची 23,400. येणंजाणं, झेरॉक्स, प्रुफं 1,310. एकूण 31,250 रुपये. वर्गणी खोलीमागे 500, 63 बिऱ्हाडांनी दिली, 31,500. उरलेल्या सतरांना आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. प्रती मात्र सगळ्यांना दिल्या.

आता माझं. एकतिसांत माझी आई होती, एप्रिल 2021. तीस जणांचं लिहून झालं तरी तिचं पान कोरंच. प्रश्न मलाच माहीत होते, उत्तरं देणारं समोर कुणी नव्हतं. डीटीपीवाल्याचा रोज फोन. शेवटी 18 डिसेंबरच्या रात्री एकटाकी लिहून काढलं, पुन्हा वाचलंही नाही. बाकी सगळ्यांकडून सह्या घेतल्या, आणि स्वतःच्या आईच्या मजकुरावर दादाची सही घ्यायचं मला सुचलं नाही. तो चिपळूणला असतो.

26 जानेवारीला चाळीत वर्षानुवर्षं सत्यनारायण असतो. यंदा तो इमारतीखालच्या मोकळ्या जागेत झाला. तीर्थप्रसादानंतर खुर्च्या मांडल्या, भाषण कुणाचंच नाही. मजल्यामजल्याने खोली नंबर आणि नाव वाचत गेलो, नाव आलं की त्या घरचं माणूस उठून प्रत घेऊन जायचं. गावकीवाल्या काकांच्या नावाला कोण उठणार, ही मला धास्ती होती. विरारहून वहीवाले आले होते. ते उठले.

दोन दिवसांनी दादाचा फोन. प्रत पोचली होती. आधी छान म्हणाला, मग जरा थांबून, "पान 57 वर तू लिहिलंयस, रविवारी आई सुरमई तळायची आणि वास तळमजल्यापर्यंत जायचा. सुरमई कुठली गं? बांगडा होता. संपानंतर सुरमई आपल्या घरात आलीच नाही. तू बँकेत लागलीस तेव्हा तुझ्या पहिल्या पगाराची आणलीस, ती तुझ्या डोक्यात बसलीय. त्याआधी आठ-नऊ वर्षं बांगडाच. तोही दर रविवारी नाही."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचंच बरोबर होतं.

शिल्लक 250 रुपये होते. त्यातले 140 देऊन शुद्धिपत्रकाच्या 300 चिठ्ठ्या छापून घेतल्या. ज्यांच्या घरी प्रती गेल्यात त्यांच्याकडे जाऊन आता एकेक चिकटवतेय, आतापर्यंत 112 झाल्या. चिठ्ठीवर एवढंच आहे: पान 57, ओळ 4, 'सुरमई' ऐवजी 'बांगडा' असे वाचावे.